60 कोटी पौंड आणि बारावा नंबर: ‘मुळे’ हा शब्द लिहिण्याआधी

गेल्या महिन्यात लॅबमधल्या एका ज्युनिअरने सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला दिला. शीर्षक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं होतं: अमुक गोष्टीचा तमुक गोष्टीवर होणारा परिणाम, एक अभ्यास. मी विचारलं, "परिणाम झाला हे कशावरून ठरवणार?" तो म्हणाला, "ताई, आधी मोजणार, नंतर मोजणार. फरक आला की परिणाम."

मला चार वर्षांपूर्वीची मीच समोर बसल्यासारखी वाटले. याच एका वाक्यामुळे माझं एक अख्खं वर्ष गेलं होतं. ती गोष्ट पुढे सांगते. त्याच्या लॅपटॉपवर चेल्सी फुटबॉल क्लबचा स्टिकर होता, म्हणून मी त्याला विचारलं, "2022-23 मध्ये तुमचा क्लब बारावा का आला?" तो लगेच म्हणाला, "वाट्टेल तसे पैसे उधळले म्हणून!"

तासभर आम्ही त्या एकाच उत्तराची चिरफाड करत बसलो. त्यातून जे निघालं ते इथे लिहीत आहे. फुटबॉल पाहत नसाल तरी चालेल, लागेल तेवढं सांगते.

आधी घडलं काय ते बघू

प्रीमियर लीग ही इंग्लंडमधली सर्वोच्च फुटबॉल लीग. 20 संघ, प्रत्येकाचे 38 सामने. जिंकलात तर 3 गुण, बरोबरी झाली तर 1, हरलात तर काही नाही. चेल्सी हा लंडनचा क्लब. 2021 मध्ये त्यांनी चॅम्पियन्स लीग जिंकली होती, म्हणजे युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा. 2021-22 मध्ये ते लीगमध्ये तिसरे होते: 74 गुण, 76 गोल केले, 33 गोल खाल्ले.

मे 2022 मध्ये क्लबची मालकी बदलली. टॉड बोली आणि क्लिअरलेक कॅपिटल यांच्या गटाने क्लब घेतला आणि खरेदीचा सपाटा लावला. उन्हाळ्यात रहीम स्टर्लिंग, कालिदू कुलिबाली, मार्क कुकुरेया, वेस्ली फोफाना, ऑबामेयांग आले. जानेवारीत मिखाइलो मुद्रिक आला आणि 31 जानेवारी 2023 ला एन्झो फर्नांडेझ. एन्झो तेव्हा नुकताच अर्जेंटिनाकडून वर्ल्ड कप जिंकून आला होता, स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला होता. त्याच्यासाठी मोजलेली 10.68 कोटी पौंडांची रक्कम त्या वेळी ब्रिटनमधला विक्रम होता. दोन्ही खरेदी-मोसम मिळून खर्चाचा आकडा सुमारे 60 कोटी पौंड सांगितला जातो.

आणि निकाल? 44 गुण, बारावा क्रमांक. 38 सामन्यांत 38 गोल, म्हणजे आदल्या वर्षीच्या बरोबर निम्मे. खाल्लेले गोल 47. लीगमध्ये क्लबच्या सगळ्यात यशस्वी स्कोअररचे, काई हावर्ट्झचे, फक्त 7 गोल.

खर्च प्रचंड वाढला, गुण 30 ने घसरले. ‘पैसे उधळल्यामुळे संघ कोसळला’ हे वाक्य आता आपोआप तोंडात येतं. संशोधनात आपलं काम नेमकं इथे सुरू होतं.

पहिला प्रश्न: तुलना कशाशी?

‘खर्चामुळे 30 गुण गेले’ असं म्हणताना आपण न बोलता आणखी एक गोष्ट गृहीत धरतो: खर्च केला नसता तर चेल्सीचे पुन्हा 74 च्या आसपास गुण झाले असते. हे कोणी ठरवलं?

जे घडलं नाही, पण घडू शकलं असतं, त्याला संशोधनाच्या भाषेत काउंटरफॅक्चुअल म्हणतात. परिणाम म्हणजे ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांतला फरक नव्हे. परिणाम म्हणजे ‘जे झालं’ आणि ‘एरवी जे झालं असतं’ यांतला फरक. पंचाईत अशी की यातली दुसरी गोष्ट कधीच दिसत नाही. खर्च न करणारी 2022-23 ची चेल्सी कुठेही खेळली नाही.

त्या न दिसणाऱ्या चेल्सीचा अंदाज बांधायचा तर त्या उन्हाळ्यात आणखी काय घडलं ते बघावं लागतं. बचावफळीतले दोन महत्त्वाचे खेळाडू, अँटोनियो रुडिगर आणि आंद्रेआस क्रिस्टेन्सन, करार संपल्यामुळे क्लबला एक पैसाही न मिळता निघून गेले. रोमेलू लुकाकू लोनवर इंटर मिलानला गेला, टिमो वेर्नर लाइपझिगला परतला. म्हणजे काहीच खरेदी केली नसती तर चेल्सी आदल्या वर्षीइतकी नव्हे, तिच्यापेक्षा कमजोर असती. कदाचित 74 नाही, 55. कदाचित 50. मग खर्चाचं नुकसान 30 नाही, फार तर 6-11 गुणांचं निघेल. उलट खर्चाने थोडा फायदाच झाला असंही निघू शकेल.

सांगायचा मुद्दा एवढाच: मागचं वर्ष ही एक तुलना आहे, पण ती योग्य तुलना आहे हे आपल्याला सिद्ध करावं लागतं. फुकटात मिळत नाही.

दुसरा प्रश्न: त्याच वेळी आणखी काय काय बदललं?

प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, बाकी सगळं स्थिर ठेवतो. चेल्सीने त्या वर्षी काय काय बदललं ते मोजा. मालक बदलले. क्लबचा कारभार बघणारी वरची माणसं बदलली. खेळाडू बदलले. आणि मॅनेजर एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा बदलला. (इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मुख्य प्रशिक्षक.)

लीगचे सामने मॅनेजरनुसार वेगळे केले तर हिशेब असा लागतो:

थॉमस टुखेल: 6 सामने, 10 गुण
ग्रॅहम पॉटर: 22 सामने, 28 गुण
ब्रुनो साल्टोर (हंगामी): 1 सामना, 1 गुण
फ्रँक लँपार्ड (हंगामी): 9 सामने, 5 गुण

एकूण 38 सामने, 44 गुण. आता सांगा, 44 हा आकडा खर्चाचा परिणाम की चार जणांच्या हाताखाली खेळण्याचा? वर्षभर दुखापतींनीही पिच्छा सोडला नाही. एनगोलो कांते कित्येक महिने बाहेर होता, रीस जेम्स आत-बाहेर होत राहिला, नवा आलेला फोफानाही बराच काळ जायबंदी होता.

ज्या घटकाचा आपल्या कारणाशीही संबंध असतो आणि परिणामाशीही, त्याला कन्फाउंडर म्हणतात. इथे नवे मालक हा ठळक कन्फाउंडर आहे. खर्च त्यांनीच केला, मॅनेजरही त्यांनीच काढले. खर्च आणि घसरण हातात हात घालून दिसतात, पण दोघांच्या मागे तिसराच कोणी असू शकतो.

इथे एक बारीक चूक बरेच जण करतात. "त्या वर्षी मधेच कतारचा वर्ल्ड कप होता, लीग थांबली, त्याचा फटका बसला," असं म्हटलं जातं. पण लीग सगळ्यांचीच थांबली होती. जो घटक सगळ्यांना सारखाच लागू आहे, त्याने ‘हा संघ बाकीच्यांपेक्षा मागे का पडला’ याचं उत्तर मिळत नाही. चेल्सीला तो फटका इतरांपेक्षा जास्त बसला, हे वेगळं दाखवावं लागेल. तुमच्या अभ्यासातही ‘यंदा पाऊस कमी होता’, ‘कोविडचा काळ होता’ असं लिहिताना हे तपासा: तो घटक तुमच्या एकाच गटाला लागू होता, की दोन्ही गटांना?

तिसरा प्रश्न: बाण उलटा तर नाही ना?

ज्युनिअर इथपर्यंत ऐकून म्हणाला, "ठीक आहे, मागचं वर्ष सोडा. एकाच सीझनमध्ये बघू. जानेवारीच्या खरेदीआधी आणि नंतर."

छान कल्पना. करून बघू. जानेवारीअखेरपर्यंत चेल्सीचे 20 सामने झाले होते आणि 29 गुण होते. सामन्यामागे 1.45. उरलेल्या 18 सामन्यांत 15 गुण. सामन्यामागे 0.83. एन्झो, मुद्रिक आणि मंडळी आल्यावर संघ आणखी खाली गेला. मग सिद्ध झालं?

नाही. जानेवारीत एवढी खरेदी का करावी लागली हे विचारा. संघ दहाव्या क्रमांकावर अडकला होता म्हणून. म्हणजे वाईट कामगिरी हे खर्चाचं कारण होतं, निदान एक कारण होतं. आपण बाण ‘खर्च → कामगिरी’ असा काढला, प्रत्यक्षात त्याचा काही भाग ‘कामगिरी → खर्च’ असा आहे. याला उलटा कार्यकारणभाव म्हणतात.

घरातलं उदाहरण घ्या. ज्या घरात औषधांची बिलं सगळ्यात जास्त, त्या घरात आजारपणही सगळ्यात जास्त. म्हणून औषधांनी माणसं आजारी पडतात असं आपण म्हणत नाही. शिकवणीला जाणाऱ्या मुलांचे गुण कमी दिसले तर शिकवणी वाईट असा निष्कर्ष काढण्याआधी विचारावं लागतं: शिकवणीला मुळात कोणाला पाठवलं होतं?

चौथा प्रश्न: सगळ्यात वाईट वेळ गाठूनच मोजायला सुरुवात केली का?

आता माझ्या वाया गेलेल्या वर्षाची गोष्ट.

माझं काम जमिनीतल्या जिवाणूंवर आहे. पहिल्या वर्षी आम्ही हरभऱ्याच्या बऱ्याच प्लॉटचं उत्पादन मोजलं. त्यातले सगळ्यात कमी उत्पादनाचे 12 प्लॉट मी निवडले. जिथे अडचण आहे तिथेच उपाय करावा, असा माझा साधा विचार. पुढच्या रब्बीत त्यांना जिवाणू संवर्धक दिलं. उत्पादन वाढलं. मी आनंदाने आलेख काढले आणि प्रगती अहवालाच्या सादरीकरणात दाखवले. समितीतल्या एका बाहेरून आलेल्या सरांनी शांतपणे दोन प्रश्न विचारले. "सगळ्यात वाईटच प्लॉट का निवडलेत? आणि तसेच वाईट, पण संवर्धक न दिलेले प्लॉट कुठे आहेत?"

ते नव्हतेच. रब्बी हंगाम वर्षातून एकदाच येतो. फेलोशिपची मुदत मात्र रोज कमी होते.

चूक काय होती? कोणत्याही एका वर्षी सगळ्यात खाली असणाऱ्यांमध्ये काही खरोखर कमजोर असतात, आणि काहींचं त्या वर्षी फक्त नशीब खराब असतं: कीड पडली, पाणी नीट पोचलं नाही, मोजणीत चूक झाली. पुढच्या वर्षी खराब नशीब तसंच राहत नाही. त्यामुळे काहीही न करता हे प्लॉट सरासरीकडे सरकतात. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात. आपण मधे जे काही केलेलं असतं, त्याला फुकटचं श्रेय मिळतं.

फुटबॉलमध्ये हे श्रेय नव्या मॅनेजरला मिळतं. संघ चार-पाच सामने ओळीने हरतो, मॅनेजरची हकालपट्टी होते, नवा येतो, निकाल सुधारतात. बास टेर वील आणि त्यांच्या सहकाऱ्याने डच लीगवर काम करताना जे केलं, ते माझ्या समितीतले सर विचारत होते तेच. त्यांनी असे संघ शोधले जे तितकेच वाईट खेळत होते, पण ज्यांनी मॅनेजर बदलला नाही. तेही सावरले होते! मॅनेजर बदलण्याचा वेगळा असा फायदा दिसला नाही.

चेल्सीतही हे घडलं. पॉटर आल्यावर पहिले 9 सामने संघ एकदाही हरला नाही, 6 जिंकला. योग्य माणूस मिळाला असं तेव्हा वाटणं साहजिक होतं. 2 एप्रिल 2023 ला त्यालाही काढलं. 9 सामन्यांवरून निष्कर्ष काढणं किती धोक्याचं असतं, ते यावरून कळतं. प्रायोगिक चाचणीत 9 नमुन्यांवर सुंदर निकाल आला की हे आठवा.

पाचवा प्रश्न: ‘खर्च’ म्हणजे काय आणि ‘यश’ म्हणजे काय?

आपण मघापासून ‘खर्च’ म्हणतोय, पण मोजायचं काय? ट्रान्सफर फी ही खेळाडूच्या जुन्या क्लबला दिली जाते. पगार खेळाडूला. विकलेल्या खेळाडूंचे पैसे वजा करायचे की नाही? शिवाय हिशेबाच्या वहीत फी कराराच्या वर्षांत वाटली जाते. एन्झोचा करार साडेआठ वर्षांचा. 10.68 कोटी भागिले 8.5, म्हणजे वर्षाला सुमारे 1.26 कोटी पौंड. हीच रक्कम 5 वर्षांत वाटली तर वर्षाला 2.14 कोटी. (चेल्सीचे असे लांबलचक करार पाहून युरोपच्या फुटबॉल संघटनेने, युएफाने, नंतर हिशेबासाठी 5 वर्षांची मर्यादा घातली.) पैसा तोच, पण तुम्ही कोणता आकडा घेता त्यावर 2022-23 चा ‘खर्च’ ठरतो.

चलाची व्याख्या बदलली की निष्कर्ष किती बदलतो, याचं गाजलेलं उदाहरण सायमन कूपर आणि स्टेफान शिमान्स्की यांच्या ‘सॉकरनॉमिक्स’ या पुस्तकात आहे. त्यांनी 1978 ते 1997 या काळातले 40 इंग्लिश क्लब घेतले. ट्रान्सफरवरच्या खर्चातून लीगमधल्या स्थानातला फक्त 16 टक्के फरक समजावता येत होता. पगारावरच्या खर्चातून 92 टक्के. ‘पैशाने यश मिळतं का?’ या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरं. तरी इथेही मघाचा उलटा बाण विसरू नका: यशस्वी क्लबची कमाई जास्त असते, म्हणून ते पगारही जास्त देऊ शकतात.

यशाचंही तसंच. रेआल माद्रिदने 2009 च्या उन्हाळ्यात क्रिस्तियानो रोनाल्डो, काका, करीम बेंझेमा, झाबी अलोन्सो असे खेळाडू घेतले. त्या सीझनमध्ये एकही मोठी ट्रॉफी मिळाली नाही. कपमध्ये अल्कोर्कोनसारख्या छोट्या क्लबने 4-0 ने हरवलं, चॅम्पियन्स लीगमध्ये लियोंने बाहेर काढलं, मॅनेजर पेलेग्रिनीची नोकरी गेली. ‘यश म्हणजे ट्रॉफी’ म्हटलं तर पैसे पाण्यात गेले. पण लीगमधले गुण बघा: आदल्या वर्षी 78, त्या वर्षी 96. बार्सिलोनाने 99 केले, म्हणून हे दुसरे. ‘यश म्हणजे गुण’ म्हटलं तर सुधारणा झाली आहे. क्रमांक हा तुमच्यावर जितका अवलंबून असतो तितकाच दुसऱ्यांवरही असतो. म्हणून काय मोजणार हे डेटा बघण्याआधी ठरवून लिहून ठेवायचं असतं. नंतर ठरवलं तर आपण नकळत हवं तेच माप निवडतो.

सहावा प्रश्न: एका उदाहरणाने काय सिद्ध होतं?

ज्युनिअरला मी विचारलं, "तुमच्याच क्लबने याआधी असे पैसे कधी ओतले होते?" तो हसला. चेल्सीच्या चाहत्याला हे सांगावं लागत नाही. 2003 मध्ये रोमन अब्रामोविचने क्लब घेतला आणि पहिल्याच उन्हाळ्यात 10 कोटी पौंडांच्या वर खर्च केला. 2002-03 मध्ये 67 गुण होते. मग 79, दुसरा क्रमांक. मग 2004-05 मध्ये 95 गुण, अख्ख्या सीझनमध्ये फक्त 15 गोल खाल्ले आणि विजेतेपद. क्लब तोच, नवा मालक, अफाट खर्च, आणि निकाल अगदी उलटा.

म्हणजे ‘खर्च केला की संघ बुडतो’ हा नियम एका प्रतिउदाहरणाने संपला. पण ‘खर्च केला की जिंकतो’ हाही नियम 2022-23 ने संपवला. एका केसवरून शंका उपस्थित करता येते, गृहीतक सुचवता येतं. नियम सिद्ध करायला अनेक केस लागतात आणि त्या आपल्या सोयीने निवडलेल्या नसाव्या लागतात. फसलेल्या खरेद्या आपल्या लक्षात राहतात कारण त्यांच्यावर मथळे होतात.

अनेक केस घेऊनही सगळं सोपं होतं असं नाही. 2014 मध्ये रोडरिक स्वाब आणि सहकाऱ्यांचा एक पेपर सायकॉलॉजिकल सायन्स या जर्नलमध्ये आला. दावा असा की फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये, जिथे खेळाडू एकमेकांवर फार अवलंबून असतात, तिथे गुणी खेळाडू एका मर्यादेपर्यंत फायद्याचे, त्यानंतर ते वाढले की संघाचं नुकसान. बेसबॉलमध्ये, जिथे बरंच काम एकेकट्याचं असतं, तिथे असं दिसलं नाही. ‘अति तिथे माती’ हे आपल्याला शाळेपासून माहीत असल्यामुळे असा निष्कर्ष वाचताच पटतो. जे लगेच पटतं त्यावर दुप्पट शंका घ्यावी.

2021 मध्ये त्याच जर्नलमध्ये बार्टोश गुला आणि सहकाऱ्यांनी बास्केटबॉलच्या एनबीए लीगबद्दल उत्तर लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: गुणी खेळाडू वाढवत गेलं तर फायदा कमी कमी होत जातो, पण त्याचं नुकसानात रूपांतर होत नाही. फरक समजून घ्या. ‘वाढ मंदावते’ आणि ‘वाढ उलटी होते’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पण वर्ग घातलेलं समीकरण डेटावर बसवलं की मंदावणारी रेषाही टोकाला खाली वळलेली दिसू शकते, कारण त्या समीकरणाचा आकारच तसा आहे. वळण डेटात आहे की आपण निवडलेल्या समीकरणात, हे वेगळं तपासावं लागतं.

सातवा प्रश्न: परिणाम कधी मोजायचा?

2023 च्या मे महिन्यात मोजलं तर कुकुरेया आणि एन्झो या फसलेल्या खरेद्या होत्या. पुढे चेल्सी 2023-24 मध्ये 63 गुणांसह सहावी आली, 2024-25 मध्ये 69 गुणांसह चौथी. त्याच वर्षी कॉन्फरन्स लीग जिंकली आणि जुलै 2025 मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनला 3-0 ने हरवून क्लब वर्ल्ड कप. हे दोघंही त्या संघात होते.

मग खर्च शेवटी फळला म्हणायचं? तिथेही घाई नको. मधल्या काळात आणखी खरेदी झाली, कोल पामर आला आणि पहिल्याच सीझनमध्ये त्याने लीगमध्ये 22 गोल केले. कन्फाउंडर इथेही आहेतच. पण मोजण्याची वेळ बदलली की निकाल बदलतो, हे नक्की. खत घातल्यावर आठ दिवसांनी कणीस मोजत नाहीत.

मग काहीच म्हणता येत नाही का?

ज्युनिअर इथे वैतागला. "ताई, असं बघितलं तर कोणी काही लिहूच शकणार नाही!" तसं नाही. म्हणता येतं, फक्त पुराव्याएवढंच म्हणायचं.

हे ठामपणे म्हणता येतं: मोठा खर्च होऊनही चेल्सीची घसरण थांबली नाही. नुसता खर्च यशाची हमी देत नाही. आणि जोडीला यंत्रणा दाखवता आली तर आपण एक पाऊल पुढे जातो. यंत्रणा म्हणजे कारणापासून परिणामापर्यंतची साखळी. उदाहरणार्थ, मैदानावर उतरतात 11. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीसाठी नव्या खेळाडूंपैकी फक्त तिघांची नोंदणी करता येत होती. चेल्सीने एन्झो, मुद्रिक आणि लोनवर आलेला जुआव फेलिक्स यांना घेतलं. जानेवारीतच विकत घेतलेला बादियाशील बाहेर, आणि जागा करण्यासाठी ऑबामेयांगचं नाव कापलं. एका मर्यादेनंतर घेतलेला खेळाडू मैदानात नाही, बाकावर किंवा यादीबाहेर जातो, हे इथे कागदावर दिसतं. ‘खर्चामुळे कोसळले’ यापेक्षा हे विधान लहान आहे, पण पायावर उभं आहे.

नशिबाचाही वाटा मोजावा लागतो. हल्ली प्रत्येक शॉटचं गोल होण्याची शक्यता मोजून ‘अपेक्षित गोल’ काढतात. वेगवेगळ्या मॉडेलमध्ये आकडा थोडा वेगळा येतो, पण त्या वर्षी चेल्सीचे अपेक्षित गोल प्रत्यक्षातल्या 38 पेक्षा बरेच जास्त होते. म्हणजे संधी त्यांनी निर्माण केल्या होत्या, चेंडू जाळ्यात जात नव्हता. यातला किती भाग कौशल्याचा आणि किती नशिबाचा, हाच मुळात एक चांगला संशोधन प्रश्न आहे.

तेव्हा तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘परिणाम’, ‘प्रभाव’ किंवा ‘मुळे’ लिहिण्याआधी एका कोऱ्या कागदावर याची उत्तरं लिहा:

1. ही गोष्ट केली नसती तर काय झालं असतं, आणि ते मी कशावरून ठरवणार?
2. त्याच काळात आणखी काय बदललं? ते दोन्ही गटांना लागू आहे का?
3. बाण उलटा असू शकतो का?
4. मी नमुने सगळ्यात वाईट किंवा सगळ्यात चांगले म्हणून तर निवडले नाहीत ना?
5. कारण आणि परिणाम नेमके कशाने मोजणार, आणि कधी?
6. उलटं उदाहरण समोर आलं तर माझं विधान टिकेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुचत नसेल तर तिथेच थांबा आणि गाईडशी बोला. कागदावर चूक दुरुस्त करायला एक दुपार लागते. शेतात दुरुस्त करायला पुढचा हंगाम उजाडावा लागतो.

ज्युनिअरने परवा सुधारलेला मसुदा आणून दिला. त्यात आता नियंत्रित गट आहे, आणि शीर्षकातला ‘परिणाम’ जाऊन ‘संबंध’ आला आहे. क्लबबद्दल मात्र त्याचं मत तेच आहे. चाहत्यांना तेवढी सूट असावी. आपल्याला थिसिसमध्ये नाही.